गाळ्यातला कॅमेरा घरून का दिसत नाही?

प्रश्न : घणसोलीतल्या माझ्या गाळ्यात सिमकार्डवर चालणारा राउटर आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवणारी सेटिंग) करूनही तिथला कॅमेरा घरून उघडत नाही. वेगही रडतखडतच. एपीएन (सिमला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) बदलू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला मिळालेला इंटरनेट पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो पत्ता मोबाइल कंपनीच्या आतल्या नेटवर्कमधला. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीतले पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच, म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. पोर्ट कितीही उघडा. कंपनीकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा. त्यात कॅमेराच आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून ते चालतं.

एपीएन कंपनीने दिलेलाच ठेवा, प्रकार मात्र ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ (जुनी आणि नवी, दोन्ही पत्तेपद्धती) निवडा. त्याने वेग सहसा वाढत नाही. वेग अडतो सिग्नलपाशी. कळव्याला ताईकडे राउटर टीव्हीमागे होता, आरएसआरपी (सिग्नलची ताकद; शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) उणे ११२. खिडकीत ठेवला आणि उणे ९४ झाला. भाच्याचा ऑनलाइन क्लास त्या दिवसापासून अडकला नाही. तुमचा राउटर शटरच्या आत, लोखंडी रॅकवर तर नाही ना? तिथून हलवाच.