‘त्या भागातली प्रकरणे आम्ही घेत नाही’

प्रश्न : मी कोल्हापुरात सुभाषनगरात राहते आणि घरीच चपला तयार करून चप्पल लाइनमधील दुकानांना देते. पतीच्या पश्चात धंदा मीच सांभाळते. आमच्याच भागात दोन खोल्या विकत घेण्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडे अर्ज केला. तेथील साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘निगेटिव्ह एरिया’ असे लिहिले आणि सांगितले की, आमची कर्जे पुढे एक मोठी संस्था विकत घेते, ती तुमच्या भागातली प्रकरणे घेत नाही; घरात कोणी पुरुष सहकर्जदार असेल तर पाहू. आजवर माझा एकही हप्ता थकलेला नाही. मी काय करावे? – एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्याला जे तोंडी सांगितले, तेच लेखी मागा. गृहवित्त कंपन्यांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्ज नाकारल्याचे कारण अर्जदाराला लेखी कळवावे लागते आणि लिंग किंवा धर्म यांवरून ग्राहकांत भेदभाव करता येत नाही. बँकांना तर लिंग, जात व धर्म यांवरून भेदभाव करू नये, असे २००३ मध्येच बजावलेले आहे. अर्जाची पोच मिळाली नसेल, तर आधी ती घ्या.

‘निगेटिव्ह एरिया’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दडपल्या जातात. जागा पंचगंगेच्या पूररेषेत असेल, बांधकाम परवाना नसेल किंवा मालकीच्या कागदांत दोष असेल, तर ते कारण रास्त आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कर्ज देणाऱ्यांनी पूररेषा बारकाईने पाहावी, हेही योग्यच. परंतु असा दोष त्या विशिष्ट जागेचा असतो आणि तो कागदावर दाखवता येतो. चपला करणाऱ्यांची वस्ती म्हणून सबंध भागच वगळला जात असेल, तर जातीचा उच्चार न करता जातच पाहिली जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची संस्था कर्ज घेत नाही, ही सबब मला अधिक गंभीर वाटते. दिलेली कर्जे विकून आलेल्या पैशातून कंपन्या नवी कर्जे देतात, त्यामुळे विकत घेणाऱ्याने एखादी वस्ती नाकारली की तेथे कर्ज मिळणेच बंद होते. हे ओळखूनच अमेरिकेतील १९६८ च्या गृहनिर्माणविषयक कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने कर्ज देणाऱ्यांबरोबर कर्ज विकत घेणाऱ्यांनाही भेदभावाची मनाई केली. आपल्याकडे निदान एवढे निश्चित आहे, की आपल्या अर्जावरचा निर्णय त्या कंपनीचा आहे आणि त्याचे उत्तरही तिनेच द्यायचे आहे. सहकर्जदार उत्पन्नाला जोड म्हणून मागता येतो. तो पुरुषच हवा, या अटीला कसलाही आधार नाही.

आपला व्यवहार बराचसा रोखीचा असेल, तर उत्पन्नाचा पुरावा मागणे मात्र गैर नाही. आयकर विवरणपत्रे, बँकेचा खातेउतारा, दुकानदारांची बिले आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) जोडा.

तरीही दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि महिन्याभरात निवारण न झाल्यास गृहवित्त कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेकडे जा. कर्ज नाकारणाऱ्या एखाद्या बँकेविरुद्धची तक्रार असती, तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता आले असते. तक्रारीत भेटीची तारीख, साहेबांचे बोलणे आणि पेन्सिलीने लिहिलेले ते दोन शब्द जसेच्या तसे नोंदवा.