हिवाळाभर स्नोबोर्डिंग केल्यावर वसंतात सायकलिंग सुरू करताना काय बदलावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक सुट्टी बर्फावर जाते, मांड्या चांगल्या कमावल्या आहेत, तरी वसंतात सायकल बाहेर काढली की पहिल्याच चढावर धाप लागते आणि थोड्याच दिवसांत गुडघा कुरकुरायला लागतो. मीही हौशीच आहे. दोन्ही खेळ बरीच वर्षं करतोय, शर्यतींच्या वाटेला जात नाही. त्यामुळे नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्याला जमेल एवढंच सांगतो.

थोडक्यात उत्तर असं की तुमचे पाय तयार आहेत, दम तयार नाही. आणि दमाची उणीव पायांच्या जोरावर भरून काढायला गेलं की ती गुडघ्यातून वसूल होते.

स्नोबोर्डिंगमध्ये, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्यात, चढ चढते ती लिफ्ट, म्हणजे तारेला लटकून वर जाणाऱ्या खुर्च्या. दिवसभरात काही हजार मीटर उतरून होतात, पण त्यातलं क्वचितच काही आपण स्वतः चढलेलं असतं. एकेक उतरण काही मिनिटांची, मग लिफ्टवर बसून आराम, मग पुन्हा उतरण. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एक तर एकाच स्थितीत आवळून धरलेला असतो, नाहीतर ताणला जात असतानाच झटके पचवत असतो. हे काम जड आहे यात शंकाच नाही. हंगामाच्या पहिल्या दिवसानंतर जिना उतरताना प्रत्येकाला ते कळतं. पण हृदयाला आणि फुफ्फुसांना तासभर सलग राबवणारं ते काम नाही. सायकलवर जोर कमी लागतो, मात्र तो मिनिटाला 80-90 वेळा लागतो, मध्ये लिफ्ट येत नाही आणि चढाचा हिशेब पूर्ण आपल्या नावावर पडतो.

हिशेब म्हटला तर करूनच बघा. 75 किलोचा माणूस आणि 10 किलोची सायकल, म्हणजे 85 किलो वजन 500 मीटर उंचीवर न्यायचं असेल तर साधारण 417 किलोज्यूल काम होतं. ते एका तासात करायचं तर सरासरी 116 वॅट नुसते गुरुत्वाकर्षणाला द्यावे लागतात. वारा, टायरचं घर्षण, चेनमधलं घर्षण हे सगळं त्याच्या वर. बोर्डवर 500 मीटर म्हणजे दुपारची एक साधी उतरण.

हिवाळी खेळाचा सायकलला काहीच उपयोग नाही, असं मात्र समजू नका. पूर्व जर्मनीची क्रिस्टा लुडिंग-रोटेनबुर्गर हिने 1988 मध्ये कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी सोलला ट्रॅक सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये रौप्य. एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती एकटीच. पण स्केटिंगमध्ये वेग स्वतःच्या पायांनी निर्माण करावा लागतो, म्हणून तो सायकलचा सख्खा भाऊ ठरतो. स्नोबोर्डचं नातं जरा लांबचं. आपल्याकडे हिवाळ्यातून येतो तो तोल, उतार वाचण्याची नजर आणि झटके सोसणाऱ्या मांड्या. हे भांडवल चांगलं आहे, फक्त पहिल्या महिन्यात ते फारसं कामाला येत नाही.

म्हणून पहिला महिना कंटाळवाणा ठेवा. मला हा सल्ला द्यायला स्वतःलाच आवडत नाही, कारण पहिली ऊन पडलेली सकाळ बघून कोणाला सावकाश चालवावंसं वाटतं? पण आठवड्यातून तीनदा, पाऊण तास ते तासभर, शक्यतो सपाट रस्त्यावर, आणि शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतक्याच जोराने चालवा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. रविवारी एकदाच चार तास आणि मग आठवडाभर काही नाही, हा प्रकार हौशी लोकांत फार आहे आणि तो सगळ्यांत निरुपयोगी आहे. दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूबंध आणि सांध्याभोवतीच्या ऊती त्याहून सावकाश जुळवून घेतात. नेमकं चौथ्या-पाचव्या आठवड्यात आपल्याला वाटतं की आता जमलं, आणि गुडघा तेव्हाच तक्रार करतो.

स्नोबोर्डवाल्यांची एक खास खोड म्हणजे जड गिअर. पायात ताकद असल्याची खात्री असते, म्हणून मोठ्या गिअरवर मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या मारत रेटत राहायचं. छान वाटतं, पण प्रत्येक फेरीला गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार पडतो. गिअर हलका करा आणि पाय भरभर फिरू द्या. 80 च्या वर फेऱ्या नेल्या की सुरुवातीला बूड सीटवर उड्या मारतं आणि आपण हास्यास्पद दिसतो आहोत असं वाटतं. थोड्या दिवसांत ते बसतं.

गुडघ्याचं अजून एक कारण बर्फावरच तयार झालेलं असू शकतं. आपण हंगामभर आडवे उभे असतो, मान एकाच बाजूला वळलेली, दोन्ही पायांची कामं वेगळी. भुसभुशीत खोल बर्फात मागची मांडी पेटते. लिफ्टच्या रांगेत पुढचा एकच पाय बांधलेला ठेवून बोर्ड ढकलत न्यायचं आणि खुर्चीवर बसल्यावर तोच बोर्ड त्या एका पायाला लटकत राहतो, गुडघ्याला पीळ देत. पायाखाली टेकायला दांडी नसलेल्या लिफ्टवर दिवस काढला की संध्याकाळी पुढचा गुडघा बोलतोच. असा आधीच वैतागलेला गुडघा घेऊन तासाला पाच हजार फेऱ्या मारायच्या, तर तो गप्प का बसेल? सायकल सुरू करण्याआधी एका पायावर हळूहळू अर्धी बैठक मारून बघा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला गुडघा आत कलतो किंवा टोचतं असं दिसलं तर त्या बाजूच्या कुल्ल्याच्या स्नायूंवर थोडे आठवडे काम करा. शिवाय बर्फावर घोटे कडक बुटांत बंद आणि कंबर वाकलेली असते, त्यामुळे पोटऱ्या आणि मांडीचा सांधा आखडलेला असतो. तो मोकळा केल्याशिवाय हँडलवर वाकून बसणं कठीण जातं.

दुखतंय कुठे, यावरून बराच अंदाज येतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागे, खळगीत दुखत असेल तर सीट बहुधा वर आहे. उंची ठरवायची जुनी सोपी युक्ती अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची आणि पॅडल सगळ्यांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा वाक आपोआप मिळतो. बदल करायचा तर एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर, आणि दोन-तीन राइडनंतरच पुढचा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या त्या बाजूच्या नसेवर दाब येतोय. हातांची पकड बदलत राहा. दुखणं आठवडाभर विश्रांती देऊनही तसंच राहिलं, किंवा सूज आली, तर इथे उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

बुडाच्या दुखण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. पॅडवाली शॉर्ट घाला, आत दुसरं काही घालू नका, आणि पहिले काही दिवस सोसा.

आता उतारांकडे येतो. इथे स्नोबोर्डवाला सायकलवर सगळ्यांत जास्त रमतो आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त धोक्यातही इथेच येतो. वेगाची भीती आपली हिवाळ्यातच मेलेली असते. नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवायची, जिथे बघाल तिथे जाल, शरीर सैल ठेवून गुडघ्या-कोपरांत झटके घ्यायचे, हे सगळं जसंच्या तसं चालतं. नवख्या सायकलवाल्याला हे शिकायला वर्षं लागतात, तुम्हाला फुकट मिळालेलं आहे.

पण बर्फावर घसरणं हा ब्रेक आहे. वेग जास्त झाला की आपण बोर्ड आडवा करतो, कड खरवडते, वेग झडतो, आणि हे वळणाच्या मधोमधही करता येतं. मागच्या पायाने शेपूट ढकलून चूक सावरणं तर रोजचंच. रस्त्यावर टायर घसरायला लागला की खेळ बहुतेक संपलेला असतो, पुढचा टायर असेल तर नक्कीच. त्यामुळे वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करायचा, मग ब्रेक सोडून वळायचं. आपली मागच्या पायाची सवय इथे मागच्या ब्रेकवर विसंबायला लावते. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि पटकन लॉक होतं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो. तो सरळ रस्त्यावर, हळूहळू वाढत्या दाबाने, बूड थोडं मागे सरकवून वापरायचा सराव करा. मोकळ्या जागेत संध्याकाळची वीस मिनिटं यासाठी दिली तर ती वाया जाणार नाहीत. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि वजन त्याच्यावर. बोर्डच्या कडेवर वजन टाकायची ज्याला सवय आहे त्याला ही भावना ओळखीची वाटेल.

त्यात वसंतातला रस्ता फसवा असतो. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू आणि बारीक खडी वळणांच्या कडेला साचून राहिलेली असते. पाणी भेगांत गोठून-वितळून नवे खड्डे पडलेले असतात. दुपारी वितळलेलं पाणी सावलीतल्या वळणावर वाहत असतं आणि सकाळी तिथेच पातळ बर्फ असू शकतो. ओले रंगीत पट्टे आणि लोखंडी झाकणं गुळगुळीत असतात. गेल्या उन्हाळ्यात पाठ असलेला उतारही पहिल्यांदा अनोळखी समजून उतरा. तुम्हाला पक्के रस्ते रटाळ वाटत असतील तर माउंटन बाइकवर बोर्डचं कसब जास्त वसूल होतं, पण बर्फ नुकता वितळलेल्या चिखलाच्या वाटा कोरड्या होईपर्यंत सोडून द्या. ओल्या वाटेवर चाकांच्या चऱ्या पडतात आणि त्या वर्षभर राहतात.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही, थर घालायची अक्कल आपल्याला आहेच. फरक एवढाच की चढताना घाम येतो आणि त्याच ओल्या अंगाने लगेच उतरायचं असतं. हवा 5 अंश सेल्सियस असली तरी ताशी 40 किलोमीटरने उतरताना उघड्या कातडीला ती उणे 1 च्या आसपास वाटते. वारा अडवणारं पातळ जाकीट खिशात हवंच, आणि थंडीत गुडघे झाका. बोर्डचं जाड जाकीट मात्र घालू नका, चढावर उकडून निघाल. हेल्मेटही वेगळं लागतं. युरोपात बर्फाच्या हेल्मेटला ईएन 1077 आणि सायकलच्याला ईएन 1078 असं वेगळं मानक आहे, चाचण्या वेगळ्या आहेत. शिवाय बर्फाचं हेल्मेट चढावर डोकं शिजवतं. पाणी आणि खाणं बोर्डवर उपाहारगृहाच्या भरवशावर चालतं. सायकलवर दीड तासापुढे जाणार असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, भूक लागण्याआधीच.

हिवाळाभर उभ्या असलेल्या सायकलची तपासणी अर्ध्या तासाची. टायरच्या बाजूला चिरा आहेत का, ब्रेकचे पॅड किती उरलेत, नटबोल्ट सैल झालेत का ते बघा. ट्यूबलेस टायर असतील तर आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रावण, बहुतेक वाळलेलं असेल, नवीन घाला. चेन मोजायची पट्टी स्वस्त येते: 11 किंवा 12 गिअरच्या चेनची वाढ अर्धा टक्का झाली की ती बदला, नाहीतर ती मागच्या दात्यांनाही खाते.

राहिलं ते दोन्ही हंगाम एकमेकांवर चढतात त्या आठवड्यांचं. वरच्या उतारांवर अजून बर्फ असतो आणि खाली रस्ते कोरडे झालेले असतात, तेव्हा दोन्हीचा मोह होतो. करायला हरकत नाही, पण क्रम सांभाळा: बोर्डच्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी सायकल हलकी चालवलेली चालते, उलट पायांना ते बरंच वाटतं. लांब चढाच्या राइडनंतर दुसऱ्या दिवशी दमलेल्या मांड्या घेऊन बोर्डवर गेलात तर दुपारच्या शेवटच्या, जड झालेल्या बर्फात त्या दगा देतात, आणि पडायच्या बऱ्याच घटना तिथल्याच असतात. आणि हंगाम संपून बोर्ड ठेवून द्यायची वेळ आली की तो पुसून पूर्ण कोरडा करा, कडांवरचा गंज काढा, बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला बांधणाऱ्या पट्ट्यांचे, स्क्रू सैल करा, आणि तळावर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा. खरवडायचं काम पुढच्या हिवाळ्यात.