लहान विमानात हेड-अप डिस्प्ले बसवणं परवडतं का, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका इंजिनाचं चार आसनी विमान आहे, पॅनेलवर डिजिटल स्क्रीन आहेत, आणि आता समोरच्या काचेवर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्ले (एचयूडी) घ्यायचा विचार आहे. बाजारात शंभर डॉलरच्या आतल्या वस्तूपासून तीस हजारांपर्यंत काहीही मिळतं. एवढा फरक कशाचा, आणि घ्यावा की नाही?

आधी माझं मत सांगतो. दिवसा, स्वच्छ हवेत, नजरेनं उडत असाल तर घेऊ नका. एकटे वैमानिक म्हणून ढगातून, रात्री, उपकरणांवर नियमित उतरत असाल तर एचयूडी कामाचा आहे, पण तो विमानात पक्का बसवलेला आणि बाहेरच्या दृश्याशी तंतोतंत जुळणारा हवा. मधल्या किमतीतल्या बऱ्याच वस्तू म्हणजे पॅनेलवरचेच आकडे नाकासमोर पुन्हा दाखवणं. त्यासाठी पैसे घालवू नयेत.

किमतीचे टप्पे असे. फोनचं प्रतिबिंब पाडणारी काच किंवा फिल्म काही दहा डॉलरांत मिळते. ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या वरच्या पुढे आलेल्या भागावर) ठेवायचे, वायफायवरून माहिती घेणारे सुटे डिस्प्ले दोन हजार डॉलरच्या आसपास. एपिक ऑप्टिक्सचा ईगल हा त्यातला. हलक्या विमानांसाठी पक्क्या बसवायच्या प्रकारात मायगोफ्लाइटच्या स्कायडिस्प्लेचं नाव बरीच वर्षं घेतलं जातं. त्याची किंमत २५ ते ३० हजार डॉलरच्या घरात सांगितली गेली, बसवण्याची मजुरी वेगळी. कॉलिन्सचा एचजीएस-३५००, गार्मिनचा जीएचडी २१०० हे जेट विमानांचे. त्यांची प्रमाणपत्रंही त्या त्या विमानांपुरतीच असतात, त्यामुळे ते तुमच्या यादीत नकोतच.

या फरकातला मोठा वाटा दोन गोष्टींचा आहे: प्रतिमा किती दूर दिसते आणि ती किती उजळ आहे.

प्रतिमा दूर दिसण्याला कोलिमेशन म्हणतात. खऱ्या एचयूडीतली चिन्हं अनंत अंतरावर असल्यासारखी दिसतात, म्हणून धावपट्टी आणि चिन्ह डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसतात. चाळिशीनंतर डोळ्याला जवळून दूर जुळवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा हा फायदा आणखी जाणवतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोकं हललं की जवळची वस्तू दूरच्या वस्तूवरून सरकलेली दिसण्याची. गाड्यांमधल्या एचयूडीत प्रतिमा साधारण दोन मीटरवर दिसते. डोकं ५ सेंटिमीटर हललं तर दोन मीटरवरची प्रतिमा बाहेरच्या दृश्याच्या तुलनेत सुमारे १.४ अंशांनी सरकते. उतरताना तुमचा मार्गच मुळी ३ अंशांचा आहे. हवेच्या धक्क्यांत डोकं ५ सेंटिमीटर सहज हलतं. म्हणजे "मी कुठे टेकणार" हे दाखवणारं चिन्ह तशा प्रतिमेत निव्वळ दिशाभूल करतं. आकडे वाचायला ती चालेल, धावपट्टीवर चिन्ह ठेवून उतरायला नाही.

उजेडाचं गणितही करून बघा, कारण जाहिरातीतले फोटो बहुतेक संध्याकाळचे असतात. उन्हातल्या पांढऱ्या ढगाची दीप्ती डिझाइनसाठी साधारण ३४,००० कँडेला प्रति चौरस मीटर धरतात. कॉम्बायनर म्हणजे समोरची पारदर्शक काच. ती ७५ टक्के प्रकाश आत सोडते असं धरलं तर डोळ्यापर्यंत २५,५०० पोहोचतो. चिन्ह जेमतेम ओळखू यायला कॉन्ट्रास्ट (चिन्हासकट दिसणारी दीप्ती मागच्या ढगाच्या किती पट) १.२ तरी लागतो, म्हणजे चिन्हाची स्वतःची दीप्ती ५,१०० हवी. काच २० टक्के प्रकाश परावर्तित करत असेल तर मूळ स्रोत २५,५०० चा लागेल. चांगल्या फोनचा पडदा १,००० देतो, काचेवरून त्यातले २०० परत येतात आणि कॉन्ट्रास्ट १.०१ सुद्धा होत नाही. ढगासमोर तो दिसणारच नाही. हिरव्या-तपकिरी जमिनीसमोर पुसट दिसेल, आणि रात्री मात्र इतका झगझगेल की बाहेरचं दिसणं कमी होईल. म्हणून उजळपणाइतकीच मंद करता येण्याची खालची मर्यादाही विचारा. ती विचारायची बरेच जण विसरतात.

आता माहिती कुठून येते ते पाहू. माझ्या मते सुट्या डिस्प्लेंची सगळ्यांत मोठी अडचण इथे आहे. सुटा डिस्प्ले बहुधा स्ट्रॅटक्ससारख्या एडीएस-बी रिसीव्हरकडून (आसपासच्या विमानांचे रेडिओ संदेश पकडणाऱ्या, जीपीएस असलेल्या डबीकडून) जीडीएल ९० या ठरावीक स्वरूपात माहिती घेतो. तिथे पिटो-स्टॅटिकची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावरून वेग आणि उंची मोजणाऱ्या नळ्यांची, जोडणी नसते. म्हणून काचेवर दिसणारा वेग हा जमिनीच्या संदर्भातला वेग असतो, हवेतला नाही. ६५ नॉट्सनं १५ नॉट्सच्या समोरच्या वाऱ्यात उतरत असाल तर तो ५० दाखवेल. मागून वारा असताना उलट ८० दाखवेल, आणि तो बघून कुणी नाक वर उचललं तर विमान थेट स्टॉलकडे (पंखांची उचल तुटण्याकडे) जाईल. उंचीचंही तसंच. ती जीपीएसची असते किंवा केबिनमधल्या दाबावरून काढलेली असते, आणि केबिनचा दाब स्टॅटिक पोर्टच्या (बाहेरचा दाब घेणाऱ्या छिद्राच्या) दाबाएवढा नसतो. सुटा डिस्प्ले वापरणारच असाल तर वेगाचा आकडा त्यातून काढूनच टाका. बहुतेक ॲपमध्ये तशी सोय असते.

विलंबाचं काय होतं तेही पाहा. माहिती सेकंदाला पाच वेळा येत असेल तर दोन अद्यतनांमध्ये ०.२ सेकंद जातात. विमान सेकंदाला २० अंशांनी कलत असेल तर काचेवरचं क्षितिज खऱ्या क्षितिजापेक्षा ४ अंशांपर्यंत मागे राहतं. खाली पॅनेलवर हा फरक लक्षात येत नाही, कारण तिथे शेजारी खरं क्षितिज नसतं. काचेवर दोन्ही एकमेकांवर येतात, आणि सतत तरंगणारी रेघ बघून काहींना मळमळतं.

मग तीस हजारांत मिळतं काय? मुख्यतः एकच चिन्ह: फ्लाइट पाथ व्हेक्टर. विमानाचं नाक कुठे आहे ते नव्हे, तर विमान प्रत्यक्ष कुठे चाललंय ते हे चिन्ह दाखवतं. त्याच्या जोडीला क्षितिजाच्या ३ अंश खाली एक तुटक रेघ असते. उतरताना आधी धावपट्टीवरचा टेकण्याचा बिंदू त्या रेघेच्या संदर्भात बघायचा. बिंदू रेघेच्या वर दिसला तर तुम्ही खाली आहात: उतरणं कमी करा, बिंदू रेघेवर येऊ द्या, मग व्हेक्टर बिंदूवर आणून ठेवा. बिंदू रेघेखाली दिसला तर तुम्ही वर आहात: व्हेक्टर थोडा बिंदूच्या अलीकडे ठेवा, रेघ जुळली की बिंदूवर आणा. काळोख्या रात्री, आजूबाजूला दिवे नसलेल्या आणि पापी (उतरण्याचा कोन लाल-पांढऱ्या रंगांनी दाखवणारे दिवे) नसलेल्या धावपट्टीवर याला तोड नाही. तिथे डोळा हमखास फसतो आणि विमान उंच असल्याचा भास होतो.

पण हलक्या विमानाचा वेग कमी असतो आणि त्यामुळे एक अडचण येते, ती विक्रेता क्वचितच सांगतो. १४० नॉट्सनं उतरणाऱ्या जेटला १५ नॉट्सच्या आडव्या वाऱ्यात सुमारे ६ अंश तिरकं उडावं लागतं. ६५ नॉट्सवर तोच कोन १३ अंशांच्या वर जातो. डिस्प्लेचं दृश्यक्षेत्र मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश असेल तर व्हेक्टर काचेच्या बाहेर जातो. तेव्हा चिन्ह कडेला अडकून लुकलुकतं, किंवा बटण दाबून मध्यावर बांधून ठेवावं लागतं. म्हणजे आडव्या वाऱ्यात, जेव्हा मदत सर्वांत जास्त हवी, तेव्हाच ती अर्धवट मिळते. दृश्यक्षेत्राचा आडवा आकडा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बसवण्याचा खर्च जागेमुळे वाढतो. छतावर प्रोजेक्टर लावायचा तर डोकं आणि छत यांच्यात जागा लागते, ती लहान विमानांत अगदी थोडी असते, आणि अपघातात डोकं आपटण्याचा विचार करावा लागतो. सनव्हायझर बहुधा काढावा लागतो. ग्लेअरशील्डवर बसवला तर जवळच्या चुंबकीय होकायंत्राचं विचलन बदलू शकतं, म्हणून होकायंत्र पुन्हा तपासून नवं विचलन-पत्रक लावायचं. प्रमाणित विमानात कायम जोडलेल्या उपकरणाला त्या मॉडेलसाठीची मान्यता लागते. प्रायोगिक वर्गातल्या विमानात मोकळीक जास्त असते.

सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची ती बोअरसाइटची, म्हणजे डिस्प्ले आणि विमानाचा अक्ष जुळवण्याची. १ अंशाची चूक किती महागात पडते बघा. धावपट्टीपासून १ नॉटिकल मैलावर ३ अंशांच्या मार्गावर तुमची उंची ३१८ फूट असते. डिस्प्ले ३ दाखवतोय आणि तुम्ही खरोखर ४ नं उतरताय, तर जमीन जवळपास १,५०० फूट आधीच लागेल.

जुळवण्याची पद्धत अवघड नाही, चिकाटीची आहे. सीटवर वैमानिकाच्या वजनाचा माणूस बसवून मगच विमान देखभाल पुस्तिकेतल्या खुणांवर समतल करा, कारण माणूस बसला की स्ट्रट (चाकांचे दांडे) आणि टायर दबतात. समोर १५ मीटरवर भिंत असू द्या. डोळ्याच्या उंचीवर आडवी पट्टी चिकटवा, ती झाली शून्याची रेघ. तिच्या वर-खाली दर २६ सेंटिमीटरला एक पट्टी लावा. १५ मीटरवर तेवढं अंतर म्हणजे १ अंश. शेजारी ओळंबा टांगा, त्यावरून कल तपासता येतो. पॅनेलच्या एएचआरएसचा (विमानाचा कल मोजणाऱ्या यंत्रणेचा) शून्य आधी तपासा आणि मग डिस्प्लेचा, नाहीतर एकाची चूक दुसऱ्यात जिरते आणि पुढे सापडत नाही.

हवेत तपासताना एक सापळा आहे. जमिनीपासून ४,००० फुटांवर दिसणारं क्षितिज खऱ्या समतल रेषेपेक्षा सुमारे १ अंश खाली असतं, १०,००० फुटांवर १.६ अंश. त्यामुळे स्थिर उंचीवर उडताना डिस्प्लेची रेघ आणि व्हेक्टर दोन्ही दिसणाऱ्या क्षितिजाच्या किंचित वर असणं बरोबरच आहे. "चूक आहे" म्हणून कुणी ती रेघ खाली ओढून क्षितिजाला जुळवली, तर वर सांगितलेली १ अंशाची चूक तुम्ही स्वतःच्या हातानं भरलीत. हवाई तपासणी पापी असलेल्या धावपट्टीवर करा: मार्ग ३ अंशांचा असेल तर दोन पांढरे, दोन लाल दिवे दिसत असताना टेकण्याचा बिंदू तुटक रेघेवर हवा.

एचयूडी आहे म्हणून उतरण्याच्या किमान मर्यादा (धावपट्टी दिसल्याशिवाय किती खाली यायचं त्या) आपोआप कमी होत नाहीत. अमेरिकेत नियम ९१.१७६ खाली इन्फ्रारेड वगैरे सेन्सरच्या प्रतिमेवर खाली येता येतं, पण त्यासाठी पूर्ण प्रमाणित यंत्रणा आणि वैमानिकाचं प्रशिक्षण लागतं. हलक्या विमानातल्या डिस्प्लेला ते लागू होत नाही.

आणि तो स्टॉल टाळत नाही. व्हेक्टर बिंदूवर नीट बसलेला असतानाही वेग घसरत असू शकतो. शेवटच्या वळणावर होणारे अपघात डोकं खाली घातल्यामुळे होतात त्यापेक्षा पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन (अँगल ऑफ अटॅक) वाढल्यामुळे होतात. म्हणूनच मी म्हणतो की पहिले पैसे आवाजानं इशारा देणाऱ्या अँगल ऑफ अटॅक इंडिकेटरवर घाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकानं, एफएएनं, त्यांची मान्यता सोपी केली, आणि एचयूडीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात तो येतो. इशारा कानात येतो, त्यामुळे नजर कुठेही असली तरी पोहोचतो. दुसरे पैसे चांगल्या दोन अक्षांच्या ऑटोपायलटवर. एकट्या वैमानिकाचं ढगातलं ओझं त्यानं जेवढं हलकं होतं तेवढं काचेवरच्या कुठल्याच चिन्हानं होत नाही. हे दोन्ही असतील आणि तरीही रात्रीचं, ढगातलं उड्डाण वारंवार असेल, तर मग एचयूडीकडे वळा.

वापरताना लक्ष चिन्हांवर खिळण्याचा धोका खरा आहे. नासाच्या एम्स केंद्रात १९८० च्या सुमारास सिम्युलेटरवर प्रयोग झाले, त्यात एचयूडी वापरणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं विमान दिसलंच नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच फोकसवर असूनही मन एकाच गोष्टीवर असतं. म्हणून २०० फुटांखाली चिन्हं कमीत कमी ठेवा: व्हेक्टर, हवेतला वेग आणि क्षितिज पुरे. नकाशा, रहदारी, इंजिनाचे आकडे काचेवर कधीच नकोत.

पैसे देण्याआधी विमान उभं असतानाच चार गोष्टी तपासा. दूरच्या खांबावर एक चिन्ह ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवा: चिन्ह खांबावरून सरकलं तर कोलिमेशन नाही. भर दुपारी विमान पांढऱ्या ढगाच्या दिशेनं उभं करून चिन्हं वाचून बघा. एकाच रेघेच्या दोन रेघा दिसल्या तर कॉम्बायनरच्या दुसऱ्या पृष्ठभागावरचं लेपन नीट नाही. तुमचा नेहमीचा गॉगल घालून बघा: तो पोलराइज्ड असेल तर एलसीडीवर चालणारी प्रतिमा मान कलताच नाहीशी होऊ शकते.

आणि विमान उन्हात उभं करताना प्रोजेक्टरच्या भिंगावर झाकण घाला. जे भिंग प्रतिमा दूर नेतं, तेच उलट्या दिशेनं सूर्य थेट आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पडदा जाळतं. काच पुसायला अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, त्याचे थेंब ॲक्रिलिकच्या विंडशील्डवर पडले तर त्याला बारीक तडे जातात.