एफडी मोडून लेक सुपीरियरची बाईकवारी करायची का?

ऐरोलीच्या एका दादांचा मेल आलाय. वय ५१, महापेला एमआयडीसीत नोकरी, महिन्याला हातात १ लाख १५ हजार, घराच्या हप्त्यासकट खर्च ७० हजार, एसआयपी १५ हजार, मुलगा इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला, ७८ वर्षांची आई सोबत आणि बँकेत ९ लाखांची एफडी. शाळेतला मित्र अमेरिकेत मिनेसोटात राहतो, दोघांनी मिळून येत्या जुलैत लेक सुपीरियरला, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या प्रचंड तलावाला, बाईकने पूर्ण फेरी मारायचं ठरवलंय, अंदाज साडेसहा लाख. विचारतायत, एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, आणि सरावासाठी आधी ६५० सीसीची नवी गाडी घेऊ का.

दादा, आधी दुसरा प्रश्न, तो सोपा आहे. नका घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी झालाय (३५० पर्यंत १८), आणि तिथे तुम्ही भाड्याचीच बाईक चालवणार आहात. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, ती सवय सव्वाचार लाखांची गाडी घेऊन पाम बीच रोडवर थोडीच लागणार आहे? जड गाडीचा हात बसवायचा असेल तर इथेच एखाद्या वीकेंडला ६५० भाड्याने घ्या, कसाऱ्यावरून घोटीमार्गे भंडारदऱ्याला जा (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, उगाच तिकडे वळू नका) आणि रतनवाडी, घाटघर करत धरणाच्या पाण्याला पूर्ण फेरी मारून या. सलग दोन दिवस सीटवर बसून कंबर काय म्हणते ते कळेल, हे मी गमतीत नाही म्हणत, माझी कंबर माळशेजलाच बोलायला लागते.

आता मूळ खर्च. तुमचं बजेट मला कमी वाटतंय आणि त्याचं कारण त्या तलावातच आहे. आपण ठाणेकर मासुंदा तलावाला चक्कर मारून घरी जेवायला येतो. सुपीरियर जवळपास ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं, आणि पूर्ण फेरी साधारण २,१०० किलोमीटरची. मिनेसोटातल्या डुलुथहून हायवे ६१ ने वर, पिजन रिव्हरला सीमा ओलांडून कॅनडात, मग थंडर बे, वावा करत सू सेंट मेरीच्या पुलावरून परत अमेरिकेत मिशिगनला आणि विस्कॉन्सिनमधून डुलुथ. तुम्ही ७ रात्री धरल्यात, म्हणजे रोज ३०० किलोमीटर. पण कॅनडातल्या ओंटारिओच्या बाजूला अंधार पडला की मूस रस्त्यावर येतात, घोड्याहून उंच जनावर, त्याला धडकलात तर बजेटचा विषयच संपला, त्यामुळे उजेडातच गाडी चालवायची, त्यात तलावावरून धुकं आणि पाऊस कधीही येतो, म्हणजे १० रात्री धराच. तीन रात्रींचं हॉटेल, तीन दिवसांचं बाईकचं भाडं, तीन दिवसांचं जेवण वाढलं. त्या पट्ट्यात गावं लांब लांब आहेत, हॉटेल महाग वाटलं म्हणून पुढच्या गावात बघू असं चालत नाही.

दुसरी राहिलेली गोष्ट इन्शुरन्स, आणि यावर मी जरा जास्तच बोलतो, सवय आहे माझी. आपला इथला मेडिक्लेम तिकडे बहुतेक चालत नाही आणि अमेरिकेत हाड मोडलं तर बिल लाखांत. ट्रॅव्हल पॉलिसी घेताना बाईक स्वतः चालवताना झालेला अपघात कव्हर आहे का, किती सीसीपर्यंत, ते लेखी विचारा. माझा एक क्लायंट थायलंडमध्ये भाड्याच्या स्कूटरवरून पडला, लायसन्स फक्त कारचं होतं, कंपनीने क्लेम नाकारला, आणि खरं सांगायचं तर नियमाने नाकारला. तुमच्या लायसन्सवर गिअरवाली मोटरसायकल आहे ना ते बघून घ्या. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट वाशी आरटीओतून मिळेल, फी हजार रुपये, पण ते एकच वर्ष चालतं म्हणून आत्ताच काढून ठेवू नका. मिशिगनमध्ये २१ पूर्ण झालेल्यांना हेल्मेट नसलं तरी चालतं, पण त्याची एक अट अशी की निदान २० हजार डॉलरचं मेडिकल कव्हर हवं, म्हणजे सरकारलाही माहितीये काय होतं ते. तुम्ही हेल्मेट घालाच.

हे सगळं धरून माझा आकडा साडेसात लाख.

एफडीचं बघू. सहा महिन्यांचा खर्च ४ लाख २० हजार, मुलाची शेवटच्या वर्षाची फी आणि आईच्या दवाखान्यासाठी मिळून अजून १ लाख ८० हजार, झाले ६ लाख. याला हात लावायचा नाही, ७८ वर्षांची आई घरात असताना तर अजिबात नाही. उरले ३ लाख, हे ट्रिपला द्या. पर्सनल लोन म्हणाल तर साडेसहा लाख १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २१,६०० आणि व्याज जवळपास १ लाख २७ हजार. तेवढ्या व्याजात तुमचं विमानाचं तिकीट निघतंय.

कमी पडतायत साडेचार लाख. तुमच्याकडे खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला ३० हजार शिल्लक राहतात, राहतात ना? मेलमध्ये ते कुठे जातात ते लिहिलेलं नाही. ते या महिन्यापासून, म्हणजे मार्चपासून आरडीला (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) लावले तर पंधरा महिन्यांत साडेचार लाख होतात. म्हणून यंदाचा जुलै सोडा, पुढच्या वर्षीचा ऑगस्ट पकडा. एकदोन हप्ते चुकले तरी जमेल, ओंटारिओतले चावरे किडेही तोवर बरेच कमी झालेले असतात. फक्त गणपतीची तारीख आधी बघा. हे पैसे शेअर फंडात टाकू नका, दीड वर्षात बाजार पडला तर तलाव राहील तिथेच आणि तुम्ही ऐरोलीत.

व्हिसा दोन लागतील. अमेरिकेची फी १८५ डॉलर, कॅनडाची १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. कॅनडाचा नाकारला गेला तर फेरी पूर्णच होत नाही, म्हणून दोन्ही हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल काहीही बुक करायचं नाही, सेल असला तरी. बाईक कॅनडात न्यायची लेखी परवानगी भाड्याने देणाऱ्याकडून घ्या. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, फोरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा लिमिट पुरेसं आहे का आणि इंटरनॅशनल वापर चालू आहे का ते ॲपमध्ये बघा. बाकी खर्चाला फोरेक्स कार्ड, दोन्ही चलनं, थोडं थोडं भरत जा म्हणजे एकाच दिवशीच्या रेटवर सगळं अडकणार नाही.

मित्राला आजच फोन करून वर्षभर थांब म्हणून सांगा, आणि आरडीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा लावा, दहा तारखेचा नको.