डायलिसिसवर असलेल्या सहकाऱ्याचे काम कमी करावे का?

प्रश्न : मी एका कार्यालयात हिशेब विभागाची प्रमुख आहे. आमच्या एका अनुभवी सहकाऱ्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे नुकतेच डायलिसिस सुरू झाले आहे. त्यांच्यावर ताण नको म्हणून महिनाअखेरीचे ताळेबंदाचे काम मी दुसऱ्यांकडे सोपवले. तेव्हापासून ते अबोल झाले आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या सवलतींबद्दल इतरांची कुरबुरही ऐकू येते. मी काय करावे?

उत्तर : ताळेबंदाचे काम त्यांना विचारून, शक्य असल्यास परत द्यावे, असे मला मनापासून वाटते. आजाराने ज्याचे वेळापत्रक आधीच हिरावून घेतले आहे, त्याच्या हातचे सर्वांत जाणतेपणाचे कामही न विचारता काढून घेतले, तर हेतू कितीही चांगला असला तरी त्याला आपण आता कुणाला नको आहोत असेच वाटते.

त्यांच्याशी एकांतात बोला, मात्र आजाराची चौकशी करण्याऐवजी कामाविषयी विचारा : कोणत्या दिवशी कोणत्या वेळी काम जमते, कोणते काम जड जाते, काय बदलले तर सोपे होईल? रुग्णालयातील डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा आणि दर वेळी सुमारे ४ तास चालते, शिवाय त्यानंतर बहुतेकांना गळून गेल्यासारखे वाटते. म्हणून मुदतीची कामे मधल्या दिवसांवर घेता येतील आणि शक्य तेथे घरून काम करण्याची मुभा देता येईल. ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) केलेला असतो, त्या हाताने जड वस्तू उचलायच्या नसतात, त्यामुळे फायलींचे गठ्ठे वरच्या फळीवरून काढण्याचे काम त्यांच्याकडे नको. पोटातून करायच्या डायलिसिसची पद्धत असेल, तर पोटात सोडायच्या द्रवाची पिशवी बदलायला साधारण अर्धा तास आणि दार बंद होणारी स्वच्छ खोली लागते. तीच सोय नसली म्हणजे चांगली माणसे नोकरी सोडतात, आणि ते टाळणे खरोखर फार अवघड नसते.

जे ठरेल ते लेखी ठेवा, म्हणजे उद्या तुमची बदली झाली तरी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सारे समजावून सांगावे लागणार नाही. ही मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या २७ व्या कलमात कामाच्या ठिकाणी अशा वाजवी सोयी करून देण्याची अपेक्षा स्पष्टपणे नोंदलेली आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांचाही त्यात विचार केलेला आहे.

कुरबुरीचे कारण बहुधा निराळे असते. सहकाऱ्याची सोय झाली याचे दुःख सहसा कुणाला नसते. त्याचे उरलेले काम न सांगता आपल्या टेबलावर येऊन पडते, हे खुपते. म्हणून वाढलेले काम उघडपणे मोजा, ते वाटून द्या आणि गरज असल्यास वरिष्ठांकडे जादा माणूस मागा. आजाराचा तपशील मात्र त्यांच्या संमतीशिवाय कुणालाही सांगू नका. ‘त्यांच्या कामाच्या वेळा बदलल्या आहेत’ एवढे पुरे.

ही व्यवस्था दर एक-दोन महिन्यांनी दोघांनी मिळून तपासावी. पुढे प्रत्यारोपण झाले तर दीर्घ रजा लागेल, आणि रुजू झाल्यावरही प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे त्यांना संसर्गापासून जपावे लागेल, तेव्हा गर्दीच्या खोलीतली त्यांची जागा बदलण्याचा विचार आतापासूनच करून ठेवा.