ओपन सोर्सच्या देणग्यांवर घर चालेल का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात देते: "मुलगा फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर वाचता येईल अशा पद्धतीत, बदलून देणारं एक सॉफ्टवेअर तो आणि आणखी चौघं मिळून फुकट सांभाळतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. वर्षभरात देणगीचे ११ हजार जमले, ते सर्व्हर आणि डोमेनवरच गेले. आता म्हणतो कँपस प्लेसमेंटला बसणार नाही, देणग्या वाढवून हेच पूर्णवेळ करणार. त्याचे बाबा म्हणतात हे लोकांपुढे हात पसरणं झालं, बंद कर. आम्ही काय करावं?"

ताई, नमस्कार. आधी बाबांच्या मनातलं घेते, कारण घरातलं भांडण तिथेच अडकलंय असं वाटतं. हे हात पसरणं अजिबात नाही. तुमच्याकडे जत्रेला गावचं नाटक होतं तेव्हा वर्गणी काढतातच ना, पडदे, लाइट, मेकअपवाला सगळं त्यातून भागतं आणि मागताना कोणाला लाज वाटत नाही. पण त्या वर्गणीवर कोणी संसारही मांडत नाही, नाटकातली पोरं दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर हजर असतात. बहुतेक ओपन सोर्स प्रोजेक्टच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, देणग्यांचं हे असंच आहे आणि ही गोष्ट मुलाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी.

त्याला ओपनएसएसएलचं विचारा, त्याला माहीत असणारच. जगातल्या कितीतरी वेबसाइट्सचं, बँकांचं सुद्धा, कुलूप म्हणजे हे सॉफ्टवेअर, आणि २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाची मोठी चूक सापडली तेव्हा बाहेर आलं की ते सांभाळणाऱ्यांना वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण २ हजार डॉलर, फक्त! एवढा बोभाटा झाल्यावर मग ओपन सोर्सला आधार देणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेने गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरे मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून पैसे उभे केले. म्हणजे काम कितीही गरजेचं असलं तरी वापरणारे आपणहून पैसे देतातच असं नाही. हो, थ्रीडी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायच्या ब्लेंडरसारखी उदाहरणं आहेत, २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स करून घेतलं आणि आज त्यांच्या फंडातून डेव्हलपरना पगार मिळतात, पण त्यांचे वापरणारे जगभर आहेत आणि मोठमोठ्या कंपन्या पाठीशी आहेत. पाच पोरांच्या प्रोजेक्टने तो हिशोब धरून प्लेसमेंट सोडायची म्हणजे मला पटत नाही. बसू दे त्याला प्लेसमेंटला.

पण काम बंद करायला सांगू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. तुम्ही लिंक दिली होती म्हणून मी त्याचं काम उघडून बघितलं. एका डीटीपीवाल्याने तक्रार केलेली, 'वर्षी' लिहिलेलं 'वषर्ी' असं येतंय. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी जातो, मध्ये वेलांटी आली की प्रोग्रॅम गोंधळतो. तुमच्या मुलाने त्या माणसाकडून नमुन्याची फाइल मागवली, चूक शोधली, ती परत होऊ नये म्हणून टेस्ट, म्हणजे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली आणि काय बदललं ते दोन ओळींत साध्या मराठीत समजावलं. कॉलेजच्या मार्कशीटवर हे कुठेच दिसत नाही, पण मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो याच्यावरच अर्धा तास बोलेल. रेझ्युमेत हे सगळ्यात वर टाकायला सांगा.

आता पैसे. देणगीपेक्षा त्याने आधी स्टायपेंड आणि ग्रँटकडे बघावं. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, अठरा वर्षांवरचा कोणीही नवखा अर्ज करू शकतो, सुट्टीत एखाद्या मोठ्या प्रोजेक्टसाठी काम करायचं, काम तपासून पैसे मिळतात, रक्कम देशाप्रमाणे ठरते. आपल्याकडे फॉस युनायटेड ही ओपन सोर्ससाठी काम करणारी संस्था भारतातल्या प्रोजेक्टना ग्रँट देते. झिरोदा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी फ्लॉस फंड काढला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रोजेक्टला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत, पण तो आधीच खूप वापरात असलेल्या प्रोजेक्टसाठी आहे, त्यामुळे आज लगेच आशा लावू नका.

आणि एक, ते ११ हजार कोणाच्या खात्यात आले? मुलाच्या स्वतःच्या असतील तर आजच वेगळं खातं काढा आणि जमाखर्च पाचही जणांना दिसेल असा ठेवा. मैत्री तुटते ती इथेच. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट आली तर ती सगळी रक्कम करपात्र होते, आणि उद्या संस्था काढून परदेशातून देणगी घ्यायची म्हटली तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, त्यामुळे पुढचं पाऊल सीएला विचारूनच.

शेवटी, मला सगळ्यात जास्त आशा जिथे वाटते ते सांगते. पणजी-म्हापशातले छापखाने, डीटीपीवाले, ज्यांच्याकडे जुन्या फाइलींचे ढीग पडलेत, त्यांच्याकडे देणगी मागूच नका. धंदेवाल्याला देणगी कुठल्या खात्यात दाखवायची तेच कळत नाही, बिल मात्र तो लगेच पास करतो. सॉफ्टवेअर फुकटच राहू दे, पण फाइली बदलून देणं, अडलं तर फोनवर मदत करणं, वर्षभराची देखभाल, याचे पैसे घ्यायला काहीच हरकत नाही. एका छापखान्यापासून सुरुवात करा आणि पहिलं बिल बाबांना वाचायला द्या, काय काम, किती महिने, किती रुपये, त्यांना नीट कळलं तर छापखान्यालाही कळेल.