कॅरम बोर्ड ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ? ऑनलाइन ९०० रुपये स्वस्त मिळतोय.

दुकानातून घ्या. आता का ते सांगतो, कारण असेच ९०० रुपये वाचवायला मीही गेलो होतो, आणि तेही सोसायटीच्या वर्गणीतून.

आमचे साडू टूथब्रशसुद्धा फोनवरून मागवतात. "दुकानदार म्हणजे मधला माणूस, त्याला कशाला पोसायचं?" हे त्यांचं ठरलेलं भाषण. गणपतीतल्या स्पर्धेसाठी बोर्ड हवा होता. त्यांनी तिथल्या तिथे शोधून दिला, मी पैसे भरले. आषाढात खोकं आलं, एक कोपरा ओला. आत बोर्ड मात्र चकाचक. पावडर टाकली, पहिलाच स्ट्रायकर सरळ मारला तर तो डावीकडे वळत गेला, जणू त्याचं तिकडे काही काम होतं. एक सोंगटी पॉकेटपासून चार बोटांवर ठेवून हलकेच ढकलली, ती वाटेतच अडली. प्लायला फुगवटा. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारला की त्याने बोर्डाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत किमान साडेतीन खेपा केल्या पाहिजेत, आमचा दोनात दमला.

परत करायला गेलो तर उत्तर आलं, "वस्तू वापरलेली दिसते." पुरावा काय, तर मीच पाठवलेल्या फोटोतली पावडर! पावडर न टाकता बोर्ड तपासायचा कसा, ते त्यांनीच सांगावं.

शेवटी डोंबिवलीहून दुपारच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून, तो बोर्ड घेऊन मुंबईत धोबी तलावला, खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. बदलून मिळणार नव्हताच, पण दुरुस्त होतो का बघू म्हटलं. दुकानदाराने तळव्याने एकदा चाचपला, बोटाच्या पेराने ठोकला आणि म्हणाला, "साहेब, हा बोर्ड नाही, पाट आहे. जेवायला बसा ह्याच्यावर."

मग त्याने आतून एक काढला. दोन स्टुलांवर ठेवला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला आणि खाली वाकून दोऱ्याखालचा उजेड पाहिला. "हा नको, पाणी प्यायलाय." दुसरा काढला. "हाही नको." तिसऱ्यावर स्ट्रायकर माझ्या हातात दिला, "मारा." चार खेपा. ह्या माणसाने स्वतःचेच दोन बोर्ड मला विकले नाहीत. माझ्या मते ते ९०० रुपये त्याचे आहेत. साडूंना हे तीनदा सांगून झालंय.

निघताना म्हणाला, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवाच ठेवा, आणि खेळताना वर जुना पिवळा बल्ब लावा, उबेने पावडर कोरडी राहते.

आता सगळेच दुकानदार असे नसतात हेही खरं. एकाने मला १५ च्या जागी १८ ग्रॅमचा स्ट्रायकर "मॅचचा" म्हणून विकला होता, सोनाराच्या काट्यावर कळलं. आणि तुमच्या गावात फक्त पोरांचे खेळण्यातले बोर्ड मिळत असतील तर मागवा बापडे ऑनलाइन, पण दिवाळीनंतर. प्लायची जाडी लिहिलेली नसेल तर घेऊ नका. स्पर्धेच्या बोर्डाला किमान ८ मिमी लागते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि पावडरच्या आधी दोरा लावा. सोंगट्या, जाळ्या, स्ट्रायकर खुशाल मागवा, त्यात फारसं बिघडण्यासारखं काही नाही.

साडूंचं अजूनही म्हणणं आहे की चूक माझी, मीच व्हिडिओ काढला नाही. गणपतीत नव्या बोर्डावर ते पहिल्याच फेरीत गेले. राणी घेतली, पण पाठोपाठ आपली सोंगटी घालून तिला कव्हर करणं जमलं नाही. जुन्या बोर्डावर सौ. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालते. तिला फुगवट्याची काही तक्रार नाही.